गेल्या वर्षीचे किती जण यंदा सापडले?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक आलेख काढला होता. आडव्या अक्षावर त्याच त्या माणसांना दरवर्षी पुन्हा भेटणाऱ्या ब्रिटनमधल्या एका सर्व्हेच्या फेऱ्या, उभ्या अक्षावर मागच्या मुलाखतीनंतर घर बदललेल्यांची टक्केवारी. रेघ फेरीगणिक खाली येत होती. मला फार आनंद झाला. ब्रिटनमधल्या लोकांचं घर बदलणं कमी होत चाललंय, घरांच्या किमती वाढल्या म्हणून असेल, अशी दोन पानं मी लगोलग लिहून काढली. माझ्या गाईडनी ती शांतपणे वाचली आणि एवढंच विचारलं, "गेल्या वर्षीचे किती जण यंदा सापडले?"

मी ते मोजलंच नव्हतं. मोजायला बसले तेव्हा दिसलं, की 'येत्या वर्षात घर बदलेन असं वाटतं' असं ज्यांनी सांगितलं होतं, त्यांच्यातले जास्त लोक पुढच्या फेरीत गायब होते. मला ज्यांचा अभ्यास करायचा होता, नेमके तेच फाईलमधून गळत होते. आणि जे उरले होते ते दरवर्षी एका वर्षाने मोठे होत होते. वय वाढतं तसं माणूस जागा कमी बदलतो. रेघ खाली यायला एवढं पुरेसं होतं. किमतींचा त्यात वाटा किती, हे त्या आलेखावरून सांगताच येत नव्हतं. या विषयात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी आता तोच प्रश्न आधी विचारायला सांगते.

तो डेटा 'अंडरस्टँडिंग सोसायटी' या सर्व्हेचा होता. एसेक्स विद्यापीठातून चालणारा हा सर्व्हे २००९ साली सुमारे ४० हजार घरांपासून सुरू झाला. त्याच्याआधी १९९१ पासून तिथेच 'ब्रिटिश हाउसहोल्ड पॅनेल सर्व्हे' चालू होता, सुमारे साडेपाच हजार घरांचा. त्याच्या १८ फेऱ्या झाल्या आणि त्यातली माणसं नव्या सर्व्हेच्या दुसऱ्या फेरीपासून यात सामावली. म्हणजे काही जणांचं तीन दशकांचं राहणं यात वर्षावर्षाने नोंदलेलं आहे. त्याच त्या माणसाला इतकी वर्षं पुन्हा पुन्हा जाऊन विचारणं, हे किती मोठं काम आहे याची जाणीव मनात ठेवूनच त्या फाईली उघडाव्यात.

आता ओळख क्रमांकांबद्दल. प्रत्येक व्यक्तीला एक कायमचा क्रमांक असतो, पीआयडीपी. घराचा क्रमांक एचआयडीपी, आणि तो दर फेरीत नवा असतो. नवखा माणूस पहिल्या दिवशी घराच्या क्रमांकाने दोन फेऱ्या जोडायला जातो आणि काहीच जुळत नाही. ही सर्व्हेची चूक नाही. घर म्हणजे कोण, याचं उत्तरच दरवर्षी बदलतं.

एक रचलेलं उदाहरण घेऊ (खऱ्या नोंदी अशा उघड लिहायच्या नसतात, डेटा घेताना तसं लेखी मान्य केलेलं असतं). एक मुलगी, वय २३, पहिल्या फेरीत आईवडिलांकडे. पुढच्या फेरीत ती दुसऱ्या गावात दोन मैत्रिणींबरोबर भाड्याने राहते. आता तिच्या मैत्रिणीही सर्व्हेत येतात, पण फक्त तिच्यासोबत आहेत तोवर. त्यांना तात्पुरते सदस्य म्हणतात. तिसऱ्या फेरीत एक मैत्रीण लग्न करून निघून जाते, आणि सर्व्हे तिच्या मागे जात नाही. मूळ मुलगी ब्रिटनमध्ये कुठेही गेली तरी तिचा माग काढला जातो. फाईलमध्ये मात्र मैत्रिणीची नोंद संपलेली दिसते, सर्व्हेला कंटाळून उत्तर देणं बंद केलेल्या माणसाची दिसते अगदी तशीच. नोंद संपली ती नियमामुळे की माणूस हरवल्यामुळे, हे वेगळं केलं नाही तर गळतीचा सगळा हिशेब चुकतो. सदस्य मूळ की तात्पुरता, हे सांगणारं व्हेरिएबल (डेटातला रकाना) पहिल्याच आठवड्यात शोधून ठेवा.

हे मला पटकन उमगलं याला कारण आमचा वाडा. मी लहान असताना आजोबांच्या वाड्यात काकांनी आणि वडिलांनी चूल वेगळी केली. कुणी कुठे हललं नाही. तीच ओसरी, तोच आड, फक्त मधल्या खोलीत दुसरा गॅस आला. कुठल्याही सर्व्हेच्या भाषेत एका कुटुंबाची दोन झाली. पुढे वडिलांची बदली झाली, टेम्पोत सामान भरून आमचं बिऱ्हाड तालुक्याच्या गावी आलं. रेशन कार्डावर मात्र कितीतरी वर्षं जुनाच पत्ता होता. कुटुंब फुटणं आणि जागा बदलणं या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि कागदावरचा पत्ता ही तिसरीच गोष्ट. मराठीत आपल्याकडे घर, चूल आणि बिऱ्हाड असे तीन शब्द आहेत. कोडबुक, म्हणजे कोणत्या रकान्यात काय नोंदलंय हे सांगणारी पुस्तिका, वाचताना मी अजूनही मनाशी विचारते, यातलं नक्की काय मोजलंय?

भारतातला 'इंडिया ह्यूमन डेव्हलपमेंट सर्व्हे' हाताळताना हा प्रश्न फार कामाला येतो. एनसीएईआर ही दिल्लीतली आर्थिक संशोधन संस्था आणि अमेरिकेतलं मेरीलँड विद्यापीठ यांच्या या सर्व्हेची पहिली फेरी २००४-०५ साली ४१,५५४ घरांत झाली, दुसरी २०११-१२ मध्ये. त्या घरांपैकी सुमारे ८३ टक्के घरं दुसऱ्यांदा भेटली. त्याच गावात चूल वेगळी करून राहिलेल्यांचीही मुलाखत झाली, आणि फुटलेल्या घरासाठी क्रमांकात वेगळा भाग जोडलेला आहे. पण सगळं कुटुंबच गाव सोडून गेलं असेल तर ते या डेटात नाही. म्हणजे ब्रिटनचा सर्व्हे माणसाच्या मागे जातो आणि आपला मुख्यतः गावात परत येतो. दोन्हींवर एकच पद्धत वापरून तुलना केलेले प्रबंध माझ्याकडे वाचायला येतात, तेव्हा मी इथेच थांबते.

सगळ्यात जास्त वेळ मी कशात घालवला असेल, तर आधी काय आणि मग काय हे ठरवण्यात. समजा मार्च २०१५ मध्ये मुलाखत झाली, पुढची एप्रिल २०१६ मध्ये. मधल्या काळात जोडप्याने मोठं घर घेतलं आणि बाळही झालं. दोन फेऱ्यांची तुलना केली तर दोन्ही गोष्टी एकदम झाल्यासारख्या दिसतात, आणि 'बाळ झालं म्हणून मोठं घर' असं वाक्य सहज लिहून होतं. महिने बघितले तर घर सप्टेंबरमध्ये बदललेलं असतं, बाळ जानेवारीतलं. आपल्याकडेही बाळंतपणाआधीच जागेची सोय बघतातच की! म्हणून आत्ताच्या पत्त्यावर कोणत्या महिन्यात आणि वर्षी आलात, हे उत्तर सोन्यासारखं जपा. फेरी म्हणजे वर्ष असंही धरू नका. 'अंडरस्टँडिंग सोसायटी'त एका फेरीच्या मुलाखती २४ महिने चालतात आणि फेऱ्या एकमेकींवर चढतात. मुलाखतीची तारीख घ्या.

उत्तरांमधले उणे आकडे आधी बाजूला काढा. उणे १ म्हणजे माहीत नाही, उणे २ म्हणजे नकार, उणे ८ म्हणजे प्रश्न लागू नाही. ते तसेच राहिले तर सरासरी बिघडते, आणि सॉफ्टवेअर चकार शब्द काढत नाही.

अंतराचंही सांगते. साध्या नोंदणीवर मिळणाऱ्या फाईलीत ब्रिटनचे फक्त १२ प्रदेश असतात. त्यांची तुलना करून 'स्थलांतर' मोजलंत तर शेजारच्या गल्लीत गेलेला माणूस न हललेला ठरेल, आणि बहुतेक घरबदल जवळच्या जवळच होतात. बारीक भूगोल हवा असेल तर विशेष परवाना लागतो, अर्ज करून वाट पाहावी लागते. त्याहून अचूक ठिकाण सुरक्षित व्यवस्थेतच बघायला मिळतं. हे वेळापत्रकात आधीच धरा. साधी फाईल मात्र भारतात बसूनही घेता येते, तिथून सुरुवात करायला काहीच हरकत नाही.

ज्यांना आपल्या मातीतलं काम करायचंय, त्यांनी इक्रिसॅट या हैदराबादजवळच्या कोरडवाहू शेतीच्या संशोधन संस्थेचा गावांचा डेटा बघावाच. १९७५ पासून सोलापूरकडची शिरापूर आणि कळमण, अकोल्याकडची कानझरा आणि किनखेडा या गावांतली घरं पुन्हा पुन्हा विचारली गेली. तेलंगणातल्या गावांसह याच डेटावर अर्थतज्ज्ञ मार्क रोझेन्झवाईग आणि ओडेड स्टार्क यांनी १९८९ साली दाखवलं, की लेकी लांबच्या गावी देण्यामागे पावसाच्या भरवशाचाही हिशेब असतो: इकडे पीक बुडालं तरी व्याह्यांकडे बुडालेलं असेलच असं नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी आजीच्या माहेरचा विचार करत कितीतरी वेळ बसले होते. भारतातल्या बायकांच्या स्थलांतराचं सगळ्यात मोठं कारण लग्न आहे, आणि कुटुंबाच्या सर्व्हेत सासरी गेलेली लेक बहुतेकदा यादीतलं एक कमी झालेलं नाव होऊन राहते. त्या नावापुढे 'कुठे गेली' हा रकाना आहे का, हे प्रश्नावलीत बघायची सवय लावून घ्या. प्रश्नावली डेटाच्या आधी वाचायची, आणि पूर्ण.

भारांकांची, म्हणजे प्रत्येक उत्तराला हिशेबात किती वजन द्यायचं ते सांगणाऱ्या आकड्यांची, भीती मलाही खूप वाटायची. सुरुवातीला इतकंच समजून घ्या: अनेक फेऱ्या जोडून काम करत असाल तर शेवटच्या फेरीचा दीर्घकालीन भारांक घ्यायचा. तो गळतीची भरपाई करायचा प्रयत्न करतो, पण घर बदलण्याच्या बेतात असलेले वेगळे गळतात हे त्याला पुरतं ठाऊक असेल असं गृहीत धरू नका. भारांक लावूनही आणि न लावताही आकडे काढा, फरक पडला तर तो लिहा.

माझ्या फोल्डरमध्ये आता प्रत्येक नव्या फेरीसाठी पहिली फाईल एकाच नावाची असते, 'कोण आलं नाही'. तिच्यात एक तक्ता असतो: मागच्या वेळी भाड्याच्या घरात होते का, घर बदलायचा विचार होता का, आणि यंदा मुलाखत न होण्याचं कारण काय नोंदलंय. 'नवा पत्ता मिळाला नाही' या ओळीतली संख्या मी प्रबंधाच्या मुख्य मजकुरात छापते.