पावसाळ्यानंतर फोर बाय फोर गाडीची देखभाल कशी करावी, आणि आधी पैसे कशावर खर्च करावेत

दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालायच्या आधी एक रविवार गाडीखाली झोपून काढा. थार, जिमनी, बोलेरो कॅम्पर फोर बाय फोर, व्ही-क्रॉस, हायलक्स, यांतली कुठलीही गाडी चार महिने मावळात किंवा कोकणातल्या कच्च्या रस्त्यांवर फिरली असेल, तर तिचं खरं नुकसान दगडांपेक्षा पाण्याने केलेलं असतं. दगडाचा ओरखडा लगेच दिसतो. डिफरन्शियलमध्ये (अ‍ॅक्सलच्या मधल्या डब्यातल्या, चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरमध्ये) शिरलेलं पाणी मात्र बेअरिंग गुरगुरायला लागेपर्यंत कळत नाही. म्हणून लाइटबार आणि रूफ रॅक नंतर. आधी पाणी कुठे शिरलंय ते शोधा, ते काढा आणि पुढच्या पावसात ते शिरणार नाही याची सोय करा.

सामान फार लागत नाही: पान्यांचा सेट, टॉर्क रेंच, ग्रीस गन, जुनं ऑइल धरायला ट्रे, दोन जॅक स्टँड आणि गाडीचं मॅन्युअल. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका.

१. चिखल मुळापासून काढा

वॉशिंग सेंटरवाला बाहेरून गाडी चकाचक करून देतो, पण चॅसिसच्या पोकळ भागात माती तशीच राहते. ही माती ओल धरून ठेवते आणि लोखंड आतून गंजत जातं. चॅसिसच्या तळाला पाणी निघून जायला भोकं असतात. ती तारेने मोकळी करा, वरून नळी घाला आणि खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. प्रेशर गन ऑइल सील, रबरी बूट (सांध्यांवरची रबरी आवरणं), अल्टरनेटर आणि रेडिएटरच्या पातळ पात्यांवर जवळून मारू नका.

मागे ड्रम ब्रेक असतील तर ड्रम उघडून आतली माती साफ करा. अँटीरस्टचा थर गाडी पूर्ण वाळल्यावरच द्यावा. ओल्या मातीवर मारलेल्या थराखाली गंज वाढतच राहतो.

२. गिअर ऑइल बोटाने तपासा

हे काम मी सगळ्यात महत्त्वाचं मानतो. गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवा, म्हणजे मोकळं पाणी तळाशी बसेल. सकाळी डिफरन्शियलचा वरचा, ऑइल भरायचा प्लग आधी उघडा. तो गंजून बसला असेल आणि तुम्ही खालचा प्लग आधीच काढून बसलात, तर ऑइल बाहेर आणि भरायला वाट नाही अशी गत होते. वरून बोट घालून ऑइल बघा. मधासारखं किंवा काळपट पण स्वच्छ दिसलं तर ठीक. दूध घातलेल्या कॉफीसारखं झालं असेल तर त्यात पाणी आहे. मग खालचा प्लग थोडाच ढिला करा. आधी पाण्याचे थेंब येतात, मागून ऑइल.

प्लगला लोहचुंबक असेल तर त्यावर करडा, मऊ लेप दिसणं साधारण गोष्ट आहे. नखाला टोचणारे तुकडे दिसले तर गाडी चांगल्या मेकॅनिककडे न्या. पाणी मिसळलेलं ऑइल एकदा बदलून भागत नाही. नवं भरून थोडी गाडी चालवा, तेही काढा आणि पुन्हा भरा. ग्रेड मॅन्युअलमध्ये असेल तोच, विशेषतः मागे लॉकिंग डिफरन्शियल असेल तेव्हा. गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्याचं) ऑइलही याच पद्धतीने बघा.

३. ब्रीदरची नळी उंच न्या

घाट उतरून आलेल्या गाडीचं डिफरन्शियल चांगलंच तापलेलं असतं. ते ओढ्याच्या थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकुंचन पावते आणि मिळेल त्या फटीतून आत ओढ घेते. हा दाब सारखा करण्यासाठी हाउसिंगवर ब्रीदर नावाची छोटी टोपी असते. ती पाण्याखाली असेल किंवा चिखलाने तुंबलेली असेल तर ब्रीदरमधून नाहीतर सीलमधून पाणी आत येतं. तुंबलेल्या ब्रीदरमुळे उलटंही होतं: आतला दाब वाढून ऑइल सीलमधून बाहेर पडतं आणि ब्रेकवर येतं. थार ६५० मिमी पाण्यातून जाऊ शकते असं कंपनी सांगते, पण तेवढ्या पाण्यात अ‍ॅक्सल पूर्ण बुडालेला असतो.

त्यामुळे पहिला खर्च इथे करावा. मूळ टोपी काढा, त्याच आट्यांचा नळी जोडायचा निपल बसवा आणि ऑइलने खराब न होणारी, फ्युएल होजसारखी नळी जोडा. मागच्या अ‍ॅक्सलची नळी टेललाइटच्या मागे उंचावर न्या. पुढची बोनेटखाली, फायरवॉलजवळ. टोक खाली वळवून त्यावर छोटा फिल्टर लावा. अ‍ॅक्सल वरखाली होतो, म्हणून चाक पूर्ण लोंबकळतं ठेवूनही नळी ताणली जाणार नाही इतकी ढील सोडा. सायलेन्सरपासून लांब ठेवा आणि ब्रेकच्या रबरी नळीला बांधू नका. काही गाड्यांत पुढच्या नळ्या कंपनीतूनच उंच येतात, तेव्हा आधी बघून घ्या.

४. ग्रीस, बूट आणि पाटे

प्रोपेलर शाफ्टच्या (अ‍ॅक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या लांब दांड्याच्या) क्रॉसचं, म्हणजे सांध्याचं, ग्रीस निपल आधी फडक्याने पुसा, नाहीतर ग्रीसबरोबर मातीही आत जाते. चारही टोकांतून जुनं, गढूळ ग्रीस निघून ताजं दिसेपर्यंत पंप मारा. स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या अ‍ॅक्सलच्या रबरी बुटांच्या घड्या उघडून बघा. बूट फाटल्याचं लवकर कळलं तर स्वस्तात भागतं, नाहीतर अख्खा जॉइंट जातो.

मागे पाटे (लीफ स्प्रिंग) असतील तर ते अ‍ॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट टॉर्क रेंचने तपासा, गाडी चाकांवर उभी असताना आणि तिरक्या क्रमाने. ते ढिले राहिले तर पाट्यांमधला सेंटर बोल्ट तुटतो आणि अ‍ॅक्सल जागेवरून सरकतो.

५. हवा आणि डिझेल

एअर फिल्टरचा डबा उघडा. तळाशी चिखलाचे ओघळ दिसले तर पाणी तिथवर पोचलं होतं. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. स्नॉर्कल (इंजिनासाठी हवा छताजवळून घेणारी नळी) लावणार असाल तर नळीचे सगळे जोड आणि फिल्टरच्या डब्याचं खालचं रबरी तोंड हवाबंद झालंय का ते तपासा, नाहीतर तो खर्च वाया. डिझेल फिल्टरखालचा पाण्याचा नळ थोडा उघडून डिझेल काचेच्या बाटलीत घ्या. पाणी असेल तर तळाशी वेगळं दिसतं.

६. फोर व्हील ड्राइव्ह वापरात ठेवा

महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर ‘४ एच’मध्ये (चारही चाकांना ताकद, नेहमीचा वेग) चालवा. ‘४ एल’ (चारही चाकांना ताकद, कमी वेग) गाडी थांबवून, न्यूट्रलमध्ये टाका. कोरड्या डांबरावर हे करू नका. या गाड्यांत मधलं डिफरन्शियल नसल्याने वळणावर पुढच्या-मागच्या चाकांमधला ताण ट्रान्स्फर केसवर येतो. याच कारणाने स्टेपनीसकट पाचही टायर एकाच मापाचे हवेत.

७. आता बाकीचा खर्च

ब्रीदरनंतर टायरमध्ये हवा भरायचा कंप्रेसर घ्या, बॅटरीला थेट क्लिपा लागणारा. सैल दगड-चिखलात टायरमधली हवा १८ ते २० पीएसआयवर आणली तर पकड किती बदलते ते अनुभवून बघा. डांबरावर यायच्या आधी ती दारावरच्या स्टिकरप्रमाणे पुन्हा भरायची.

त्यानंतर ओढण्याचं सामान: चॅसिसला पक्का बसणारा हुक आणि ४.७५ टन छापलेले पाऊण इंची शॅकल (दोर अडकवायची पिनवाली लोखंडी कडी). कॅरिअर ट्रकवर गाडी बांधायच्या पातळ कड्यांना झटक्याने ओढायचा दोर लावू नये. टो बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) तर कधीच नाही. तो तुटून गोळीसारखा उडतो आणि माणसं मरतात. ओढताना दोराच्या रेषेत कुणीही उभं राहू देऊ नका.

बुलबार (पुढच्या बंपरवर लावायचा लोखंडी गार्ड) नको. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच त्यांच्यावर कारवाई करायला राज्यांना सांगितलं. पायी चालणाऱ्याला त्याचा धोका असतो आणि एअरबॅगच्या सेन्सरचं कामही बिघडू शकतं. गाडीच्या मूळ रचनेत मोठा बदल करण्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन घालणारं) माहीत असावं. जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडकच लावलेला आहे.

सगळं जोडून झालं की वीसेक किलोमीटरची फेरी मारा. परत आल्यावर चारही चाकांच्या हबजवळ हात न्या. एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागला तर तिथला ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग जातंय. मग गाडीखाली कोरडा पुठ्ठा टाकून ठेवा आणि सकाळी ऑइलचे डाग कुठे पडलेत ते बघून तो प्लग पुन्हा घट्ट करा. यू-बोल्ट मात्र साधारण ५०० किलोमीटरनंतर परत एकदा तपासावे लागतील.