कॉलेजच्या पोट्ट्यांची जपान ट्रिप: खायचं काय, पाहायचं काय

ग्रुपमध्ये एक-दोन जण तरी माळकरी घरचे असतातच, त्यांची सोय आधी पाहा. जपानात नुसतं मटण-मच्छी नको म्हणून भागत नाही भौ, काऊन की मिसो सूप असो की उडोन नूडल्सचा रस्सा, त्यात दाशी म्हणजे उकळून काढलेला अर्क असते आन ती बहुतेक वेळा सुकवलेल्या माशाच्या किसाची. म्हणून क्योतोत एखादं जेवण शोजिन रयोरीचं बुक करा, बौद्ध मठातलं जेवण आहे ते, टोफू-भाज्या, मांसमच्छी काहीच नाही. एरवी दुकानातली उमेबोशीवाली ओनिगिरी घ्या, म्हणजे आंबट-खारट फळ घातलेला भाताचा गोळा, पण लेबल मोबाईलवर ट्रान्सलेट करूनच. आपल्यासारखं तिखट विसराच, जवसाची कोरडी चटणी सोबत असू द्या. संत्री मात्र नेऊ नका, ताजी फळं सर्टिफिकेटशिवाय विमानतळावरच अडवतात.

चॉपस्टिक्स भातात उभ्या खोचू नका, तिकडे ते मयताच्या नैवेद्यासारखं दिसते. नूडल्स सुर्रकन ओढल्या तर चालते, टिप द्यायची नाही.

क्योतोतल्या फुशिमी इनारी देवळाला पहाटेच जा, तिकीट नाही आन 24 तास उघडं, लाल तोरी कमानींतून डोंगर चढायचा, दहानंतर फोटोत नुसती डोकीच येतात. क्योतोहून नारा लाईनची लोकलच पकडा, क्योतोनंतर दुसऱ्या नंबरचं स्टेशन आहे, रॅपिड म्हणजे जलद गाडी तिथं थांबत नाही. मंग त्याच लाईननं पुढं नारा शहर, तिथल्या तोदाइजी मंदिरातला बुद्ध जवळपास 15 मीटर उंच. बाहेरच्या हरणांना तिथं मिळणारी शिका सेनबेई म्हणजे हरणांची बिस्किटंच द्या, आपला चिवडा नाही.