टाकीच्या झाकणाने दमवलं

आमची दुचाकी गाडी जुनी, 100 सीसीची, कार्ब्युरेटरवाली, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग असलेली. गेल्या पावसाळ्यानंतर तिने नवीनच नाटक सुरू केलं. घरून निघताना एका किकमध्ये चालू, पण सात-आठ किलोमीटर गेलं की आचके देत बंद. पाच-दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरळीत! नाक्यावरच्या मेकॅनिकने ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग बदलला, कार्ब्युरेटर साफ केला, साडेचारशे घेतले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. खरं तर जुन्या प्लगचं टोक फिकट तपकिरी होतं, म्हणजे तो चांगलाच होता. पण तेव्हा मला कुठे कळत होतं!

कात्रजच्या घाटात बंद पडली तेव्हा पेट्रोल बघायला म्हणून टाकीचं झाकण उघडलं, तर 'सुस्स' करून हवा आत गेली. किक मारली, लगेच चालू. तिथेच ट्यूब पेटली.

अशा गाडीत पंप नसतो, पेट्रोल आपल्या वजनानेच टाकीतून खाली कार्ब्युरेटरमध्ये उतरतं. जेवढं उतरेल तेवढी हवा झाकणातल्या बारीक भोकातून आत यायला हवी. ते भोक बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल अडकतं. थांबल्यावर हवा हळूहळू झिरपते, म्हणून गाडी पुन्हा चालू व्हायची.

घरी झाकण काढून तासभर रॉकेलमध्ये बुडवलं, क्लचच्या जुन्या केबलची एक तार भोकात फिरवली. चिखलाची काळी गुळगुळीत गोळी बाहेर आली, मोहरीएवढी. मग सायकलच्या पंपाने हवा मारली आणि झाकण पूर्ण वाळवूनच बसवलं.

आता गाडी धुताना पाण्याचा फवारा झाकणावर मारत नाही.