फसवणुकीचे इंग्रजी: कोणता शब्द कुठे वापरावा

गेल्या मे महिन्यात आमच्या शेजारच्या काकू एका पत्राचा कच्चा खर्डा घेऊन माझ्याकडे आल्या. गुहागरजवळ त्यांचा तीन खोल्यांचा होमस्टे आहे. सैन्यातला अधिकारी असल्याचे सांगून कोणा भामट्याने फोनवर दोन खोल्या ठरवल्या, आगाऊ रक्कम पाठवतो म्हणून क्यूआर कोड धाडला आणि काकूंनी तो स्कॅन करून पिन टाकताच त्यांच्याच खात्यातून १८ हजार रुपये गेले. यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे त्यांना नंतर समजले. १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवून झाली होती, पण बँकेला द्यायचे पत्र मुलाच्या सांगण्यावरून इंग्रजीत हवे होते आणि त्यात काकूंनी लिहिले होते, ‘ही मेड मी फूल अँड डिड फ्रॉड विथ मी.’

या वाक्याचा रोख कोणालाही कळेल, परंतु इंग्रजी म्हणून ते दोन ठिकाणी अडखळते. ‘मेक अ फूल ऑफ समवन’ म्हणजे एखाद्याचे चारचौघांत हसे करणे. नुसते फसवले असेल तर ‘फूल्ड मी’ एवढेच पुरते. ‘फ्रॉड’ हे नाम आहे आणि मराठीत आपण त्याला ‘करणे’ जोडून मोकळे होतो, तसे इंग्रजीत ‘डू’ जोडून चालत नाही. त्यासाठी ‘डिफ्रॉड’ हे स्वतंत्र क्रियापद आहे. त्यामुळे आम्ही दोघांनी मिळून वाक्य असे केले: ‘अ मॅन पोझिंग अ‍ॅज अ‍ॅन आर्मी ऑफिसर ट्रिक्ड मी इन्टू स्कॅनिंग अ क्यूआर कोड अँड एन्टरिंग माय पिन, अँड डिफ्रॉडेड मी ऑफ एटीन थाउजंड रुपीज.’

या एका वाक्यात या विषयातली निम्मी किल्ली आहे. फसवून जे करायला लावले त्याच्या आधी ‘इन्टू’ येते आणि फसवून जे काढून घेतले त्याच्या आधी ‘ऑफ’ किंवा ‘आउट ऑफ’ येते. ‘ट्रिक’, ‘कॉन’ आणि ‘डिसीव्ह’ ही तिन्ही क्रियापदे ‘इन्टू’ घेतात. ‘चीट’ आणि ‘स्विंडल’ यांच्यामागे गेलेल्या पैशांसाठी ‘आउट ऑफ’ लावावे. ‘विथ मी’ मात्र कुठेच लावू नये, कारण ते ‘माझ्याशी’ या मराठी शब्दाची सावली आहे. ‘चीट’च्या पुढे ‘ऑन’ आले तर अर्थ थेट जोडीदाराशी केलेल्या बेइमानीवर जातो, म्हणून भाडेकरूने किंवा गिऱ्हाइकाने बुडवले असेल तर तो ‘ऑन’ कटाक्षाने टाळावा.

शब्द निवडताना पैसा गेला की केवळ विश्वास गेला, हे आधी पाहावे. पैसा गेला नसेल तर ‘डिसीव्ह’ पुरेसा आहे. तो गंभीर शब्द आहे आणि पत्रात शोभतो. जवळच्या माणसाने दगा दिला असेल तर ‘बिट्रे’ म्हणावे. गोड बोलून आधी विश्वास संपादन केला आणि मग गंडा घातला, तर ‘कॉन’ हा नेमका शब्द आहे, कारण तो ‘कॉन्फिडन्स’चेच तोडलेले रूप आहे. न्यूयॉर्कमध्ये विल्यम थॉम्प्सन नावाचा एक नीटनेटका गृहस्थ रस्त्यावर अनोळखी माणसांशी ओळख काढून, ‘उद्यापर्यंत तुमचे घड्याळ माझ्याकडे ठेवण्याइतका विश्वास तुम्हाला वाटतो का?’ असे विचारत असे आणि घड्याळ घेऊन पसार होत असे. १८४९ मध्ये तो पकडला गेला तेव्हा वृत्तपत्रांनी त्याला ‘कॉन्फिडन्स मॅन’ म्हटले आणि शब्द रुळला. ‘स्कॅम’ हा एका माणसाच्या लबाडीपेक्षा सगळ्या बनावासाठी अधिक शोभतो, तर ‘होक्स’ म्हणजे खोटी आवई. बॉम्ब ठेवल्याचा खोटा फोन हा होक्स असतो, स्कॅम नव्हे.

‘फोर ट्वेंटी’ हा शब्द भारताबाहेरच्या माणसापुढे वापरू नये. आपल्याकडे तो भारतीय दंड संहितेच्या कलम ४२० मुळे आला, पण अमेरिकेत त्याच आकड्याने गांजाचा संकेत दिला जातो, त्यामुळे ‘माझा भागीदार फोर ट्वेंटी आहे’ हे ऐकून समोरचा भलताच तर्क करील. शिवाय १ जुलै २०२४ पासून झालेल्या गुन्ह्यांसाठी आता भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ लागते, तेव्हा तक्रारीत कलम लिहिताना जुन्या सवयीने ४२० लिहू नये.

आंब्याच्या हंगामात दोन क्रियापदांची आपल्याला सतत गरज पडते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी परराज्यातला आंबा देवगडच्या नावाने पेटीत भरून विकण्याचे प्रकार चालूच आहेत. त्याला इंग्रजीत ‘पास ऑफ’ म्हणतात: ‘दे पास ऑफ अदर मँगोज अ‍ॅज देवगड हापूस.’ वरच्या थरात निवडक फळे आणि खाली डागी फळे घालून ती पेटी गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारली, तर मात्र ‘पाम ऑफ’ म्हणावे. पहिल्यात मालाची ओळख खोटी असते, दुसऱ्यात नको असलेला माल दुसऱ्याच्या माथी मारलेला असतो.

फसलेल्याच्या बाजूने बोलायचे तर ‘फॉल फॉर’ आणि ‘बी टेकन इन बाय’ हे प्रयोग येतात. ‘आय फेल फॉर इट’ म्हणजे ‘मी त्याला भुललो’, आणि त्यात स्वतःच्या भोळेपणाची कबुली दडलेली आहे. गप्पांमध्ये ते प्रांजळ वाटते. बँकेच्या पत्रात मात्र मी ते काकूंना लिहू दिले नाही. तिथे ‘आय वॉज डिसीव्ड’ म्हणून दोष ज्याचा त्याच्याकडे ठेवणे बरे.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांना काही वाक्प्रचार विनासायास कळतात. ‘ही स्वॉलोड इट हुक, लाइन अँड सिंकर’ म्हणजे हावरा मासा आमिषासकट गळ, दोरी आणि दोरीचे शिसेही गिळतो, तशी त्याने थाप समूळ खरी मानली. ‘रेड हेरिंग’ला मात्र जपावे. हेरिंग हा आपल्या तारलीच्या कुळातला मासा. तो खारवून धुरावला की तांबूस होतो आणि त्याला उग्र वास येतो. विल्यम कॉबेट या इंग्रज पत्रकाराने १८०७ मध्ये लिहिलेल्या गोष्टीत अशा माशाने सशामागची कुत्री वाटेवरून हटवली होती, आणि म्हणून मूळ मुद्द्यावरून लक्ष उडवणाऱ्या गोष्टीला हे नाव पडले. पैशाच्या लबाडीला रेड हेरिंग म्हणू नये.

रात्री रानवाटेने येताना चकवा लागला म्हणजे माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो, असे आमच्याकडे सांगतात. आश्वासनांवर कोणी असे झुलवत नेले, तर इंग्लंडमधला माणूस ‘ही लेड मी अप द गार्डन पाथ’ म्हणतो. अमेरिकेत ‘अप’च्या जागी ‘डाउन’ येते. ‘पुलिंग माय लेग’चा अर्थ मात्र आपल्या ‘पाय ओढणे’सारखा नाही. तिकडे ती निव्वळ थट्टा असते, त्यामुळे बढती अडवणाऱ्या सहकाऱ्याबद्दल हा प्रयोग केला तर तक्रारीचा विनोद होतो.

डाव वेळीच ओळखला असेल तर ‘आय सॉ थ्रू इट’ म्हणावे, आणि मी दूधखुळा नाही हे ऐकवायचे असेल तर ‘आय वॉजन्ट बॉर्न येस्टरडे’. दिवाळीच्या सुट्टीआधी काकूंना तसाच दुसरा फोन आला, तेव्हा त्यांनी यातले एकही वाक्य वापरले नाही. ‘पैसे रोख आणा, खोली रिकामीच आहे,’ असे मराठीत सांगून त्यांनी फोन ठेवला.