दोन फोटो एकजीव होत नाहीत? या चुका टाळा

तलावातील सिद्धेश्वर मंदिर आणि त्यावर अलगद मिसळलेली नंदीध्वजांची मिरवणूक, असा जोडफोटो संक्रांतीच्या यात्रेत सोलापुरातील फलकांवर शोभून दिसतो. मात्र फोटोशॉप किंवा गिंपसारख्या फोटो-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये तो करताना ‘जोड दिसतो’ ही तक्रार हटकून येते. अशा वेळी बहुतेक जण कडा अधिकाधिक मऊ करत जातात, त्यामुळे जोड लपण्याऐवजी माणसांभोवती धुरकट वलय तयार होते. माझ्या मते दोष बहुधा कडेत नसून उजेडात असतो.

मंदिराचा फोटो मावळतीच्या तिरप्या, पिवळसर उन्हात घेतलेला असेल आणि मिरवणुकीचा भर दुपारचा, म्हणजे सावल्या थेट पायांखाली पडलेल्या असतील, तर कोणतेही मास्क, म्हणजे फोटोचा नको तो भाग झाकणारा पडदा, त्यांना एकत्र नांदवू शकत नाही. म्हणून उजेडाची दिशा जुळणारे फोटोच निवडावेत, कारण रंगाची छटा नंतर बदलता येते, सावली सहसा येत नाही. छटा जुळवण्यापूर्वी दोन्ही फोटो तात्पुरते कृष्णधवल करून पाहावेत. एकातील काळा गडद आणि दुसऱ्यातील करडा असेल, तर तो फरक तेव्हा लगेच उघड होतो आणि कर्व्ह्ज या उजेड-अंधार कमीजास्त करणाऱ्या साधनाने दुरुस्त करता येतो.

इरेझरने फोटो खोडणे ही जुनी सवय सोडावी. लेयर मास्कवर, म्हणजे फोटोच्या थराला (लेयरला) जोडलेल्या मास्कवर, काळा रंग भाग लपवतो, पांढरा परत आणतो, करडा अर्धवट दाखवतो आणि मूळ फोटो शाबूत राहतो. ब्रश फिरवताच फोटोवरच काळे फराटे उमटले, तर लेयरच्या यादीत मास्कऐवजी फोटोचे लघुचित्र निवडलेले आहे असे समजावे.

ब्लेंडिंग मोड, म्हणजे वरचा थर खालच्यात मिसळण्याच्या पद्धती, एकामागून एक चाळत बसण्यापेक्षा त्यामागचे गणित समजून घ्यावे. मल्टिप्लायमध्ये दोन्ही रंगमूल्यांचा गुणाकार करून त्याला 255 ने, म्हणजे पांढऱ्याच्या मूल्याने, भागले जाते, त्यामुळे पांढऱ्याच्या जागी खालचा फोटो जसाच्या तसा दिसतो. नंदीध्वज पेलणाऱ्या भक्तांच्या पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतून मंदिराच्या पायऱ्या दिसू लागतात, त्या यामुळेच. तेथे नॉर्मल मोड आणि मास्कच योग्य. शोभेच्या दारूकामासाठी स्क्रीन मोड उत्तम, कारण त्यात काळे आकाश नाहीसे होते. तरीही फिकट चौकोन उरला, तर ते आकाश पुरते काळे नाही, हे ओळखून लेव्हल्स या काळ्या-पांढऱ्याच्या मर्यादा ठरवणाऱ्या साधनात काळ्याची मर्यादा थोडी उजवीकडे सरकवावी.

व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीने आलेला फोटो आकुंचित झालेला असतो आणि स्वच्छ फोटोशेजारी त्याचा भुरकटपणा उठून दिसतो, म्हणून पाठवणाऱ्याला तो डॉक्युमेंट म्हणून पाठवण्यास सांगावे. काम जतन करताना जेपीजीआधी फोटोशॉपची पीएसडी प्रत, गिंपमध्ये एक्ससीएफ, ठेवावी. जेपीजीत लेयर आणि मास्क टिकत नाहीत, आणि ग्राहक बदल सांगतो तो नेमका छपाईच्या आदल्या रात्री.