परभणीत बसून कर्नलच्या मेमरीवर काम करायचं तर

लिनक्स कर्नलच्या, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्याच्या, आत शिरायचं म्हणजे आधी पुणं नाहीतर बंगळुरू गाठायचं, असं आपल्याकडची बरीच मुलं धरून चालतात. कर्नल मेमरी कशी वाटतो, हे मी परभणीत, घरीच शिकलो. लागतो एक साधा लॅपटॉप, सी भाषेवर बसलेला हात आणि आकडे टिपून ठेवायचा चिवटपणा.

या वाटपाच्या तळाशी बडी अ‍ॅलोकेटर, म्हणजे मेमरीची पानं (ठरावीक मापाचे तुकडे) वाटणारा भाग, असतो. नेहमीच्या लॅपटॉपवर तो 4 केबीच्या पानापासून दुप्पट-दुप्पट करत 4 एमबीपर्यंतचे सलग तुकडे देतो. त्याच्या वर छोट्या वस्तूंसाठी स्लॅब, म्हणजे पानांचे सारख्या मापाचे खण पाडून देणारी व्यवस्था. ही कल्पना जेफ बॉनविक यांची, 1994 सालची, सोलारिस या ऑपरेटिंग सिस्टिममधली. लिनक्समध्ये स्लब हा स्लॅबचा नवा अवतार 2007 मध्ये आला आणि जुना स्लॅब कर्नलच्या 6.8 आवृत्तीत काढून टाकला, म्हणून जुनी पुस्तकं जपून वाचा.

खरी गंमत वेगाची आहे. आपल्याकडे ज्वारीचं पेव रोज उघडत नसत. एकदा उघडून कणगी भरायची आणि रोजचं दळण कणगीतून काढायचं. प्रत्येक सीपीयूजवळ मोकळ्या मेमरीची अशीच कणगी असते. ती रिकामी झाली की सामायिक साठ्याकडे जावं लागतं, आणि तिथे सगळे सीपीयू एकदम आले की वेळ मेमरी शोधण्यात जात नाही, लॉकची, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपाची, वाट बघण्यात जातो. पर्फ या वेळ कुठे जातो ते दाखवणाऱ्या साधनात ‘स्पिन लॉक स्लोपाथ’ (लॉकसाठी ताटकळणारा कोड) वर चढलेला दिसला की समजा, दुखणं इथं आहे. कर्नल 5.13 मध्ये एका फटक्यात अनेक पानं मागायची सोय आली, ती हीच ये-जा कमी करायला.

एक प्रयोग जरूर करा. 600 बाइटचं स्ट्रक्चर केमॅलॉकने, म्हणजे कर्नलमध्ये मेमरी मागायच्या फंक्शनने, मागा. ते 1024 च्या खणात जातं. दर वस्तूमागे 424 बाइट वाया. मग त्याच मापाची स्वतःची कॅश (एकाच मापाच्या खणांचा साठा) बनवा आणि अशा साठ्यांची यादी देणारी स्लॅबइन्फो फाइल उघडा. तुमचं नाव कदाचित दिसणारच नाही, कारण स्लब सारख्या मापाच्या कॅश एकत्र करून टाकतो. बूट करताना ‘स्लॅब नोमर्ज’ हा पर्याय द्या, मग दिसेल. नवी मुलं इथंच गोंधळतात.

चाचणी क्यूएमू या आभासी मशिनमध्ये घ्या, पण वेग खऱ्या मशिनवरच मोजा. आणि आपल्याकडचा उन्हाळा विसरू नका! मे महिन्यात दुपारी लॅपटॉप तापतो, सीपीयू आपणहून वेग उतरवतो आणि चांगला पॅचही (कोडमधला बदल) वाईट दिसतो. मी पहाटे मोजतो. सीपीयूचा वेग तात्पुरता वाढवणारा टर्बो बंद, वेग ठरवणारा गव्हर्नर ‘परफॉर्मन्स’वर, जुना आणि नवा कर्नल आलटून पालटून.

पॅच पाठवताना आधीचे-नंतरचे आकडे, सीपीयूचं मॉडेल आणि कर्नलचं कॉन्फिग द्या. ज्या कामात वेग घटला, तेही लिहा. तपासणारे पहिल्यांदा तेच विचारतात.