पिकअपवर कॅम्पर पक्का बांधण्यासाठी टाय-डाउन स्वतः कसे बसवावेत

पिकअपच्या हौद्यात सरकवून ठेवायचा कॅम्पर, म्हणजे झोपायची जागा, छोटी शेगडी आणि पाण्याची टाकी असलेली एक सुटी खोली, अमेरिकेत जितका सर्रास दिसतो तितकाच आपल्याकडे तो नवलाईचा आहे. त्यामुळे पुण्यात कॅम्परची पेटी करून देणारा फॅब्रिकेटर एक वेळ सापडतो. पण ती पेटी गाडीला कशाने आणि कुठे बांधायची, या प्रश्नावर तोही बहुधा ‘दोन रॅचेट पट्टे टाका, काही होत नाही’ असे सांगून मोकळा होतो. मी स्वतः पहिल्या फेरीला तेच केले होते. हौद्यातल्या कंपनीच्या चार हुकांना पट्टे आवळून ताम्हिणीकडे निघालो. पौडच्या पुढे एका गतिरोधकावर मागून ‘टक्’ असा आवाज आला, म्हणून उतरून पाहिले, तर उजव्या हुकाभोवतीचा पत्रा उकडीच्या मोदकाच्या टोकासारखा वर ओढला गेला होता. हुक शाबूत होता, पट्टाही शाबूत होता. हार मानली होती ती पत्र्याने. हौद्याचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास असतो आणि त्यातले हुक पोती, खोकी किंवा मोटारसायकल जागेवर राहावी एवढ्यासाठी असतात. डोक्यापेक्षा उंच पेटी वळणावर जी उलथापालथ करू पाहते, ती झेलण्यासाठी ते नसतात.

म्हणून ओढ घ्यायची ती चेसिसवरून, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावरून. कॅम्पर गाडीला ओढून धरणाऱ्या अशा जोडणीला टाय-डाउन म्हणतात आणि अमेरिकेत तिचे दोन संप्रदाय आहेत. टॉर्कलिफ्टसारखे उत्पादक चेसिसला धरणारे टाय-डाउन करतात, तर हॅपीजॅकची जुनी पद्धत हौद्याच्या भिंतीला धरणारी आहे. दुसऱ्या पद्धतीच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे. हौदा आणि चेसिस खडबडीत रस्त्यावर वेगवेगळे पिळतात आणि कॅम्पर हौद्यात बसलेला असल्यामुळे चेसिसवरून घेतलेल्या साखळीचा ताण सतत कमी-जास्त होत राहतो. पण त्यावर स्प्रिंग असलेले टर्नबकल, म्हणजे फिरवून साखळी ताणायचा आट्यांचा हुक, हा उपाय आहे. फाटलेल्या पत्र्यावर मात्र उपाय नाही.

लोखंडाला हात लावण्यापूर्वी वजनकाट्यावर जाऊन यावे. आरसी पुस्तकातील एकूण भारित वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की जे उरते, त्यात कॅम्पर, पाणी, गॅस, सामान आणि माणसे असे सगळे बसले पाहिजे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे टाकी किती लिटरची घ्यायची ते ठरवताना विसरले जाते. काट्यावर एकदा पूर्ण गाडी आणि एकदा फक्त मागची चाके चढवून दोन आकडे घ्यावेत, म्हणजे मागच्या धुरीवर किती भार येतो ते कळते. कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या धुरीच्या थोडा पुढेच यायला हवा. तो मागे गेला तर पुढची चाके हलकी होतात आणि टाय-डाउन कितीही भक्कम असले तरी घाटात स्टिअरिंग हातात राहत नाही. कायद्याची बाजूही याच वेळी पाहावी. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून गाडी वेगळी होईल असे बदल करण्यास मनाई करते. कलम १९४ मध्ये जादा वजनासाठी, तसेच मर्यादेबाहेर आलेल्या भारासाठी २०,००० रुपये दंड आहे. कॅम्पर उतरवता येणारा असला तरी तो आणि त्याच्या कड्या गाडीच्या बाहेर किती येतात याचे माप घेऊन आरटीओत आधीच विचारलेले बरे.

सामानाची खरेदी सोपी आहे, पण एका जागी जपावे लागते. चौकोनी नळी ५० × ५० मिलिमीटर, ५ मिलिमीटर जाडीची घ्यावी. तिच्या आत ३८ मिलिमीटरची दुसरी नळी सरकते आणि हीच सरकती नळी पुढे ‘दांडी’ म्हणून वापरायची आहे. मोठी नळी चेसिसला पक्की बसते, दांडी तिच्यातून बाहेर येते आणि दांडीच्या टोकापासून कॅम्परच्या कडीपर्यंत साखळी व टर्नबकल जातात. चेसिसला धरण्यासाठी १० मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या, १६ मिलिमीटरच्या पिना, त्या निसटू नयेत म्हणून लावायच्या तारेच्या आर-क्लिपा, चार स्प्रिंगवाले टर्नबकल, त्यांच्या साखळ्या आणि हौद्यात अंथरायला जाड रबरी चटई एवढे लागते. बोल्ट १२ मिलिमीटरचे आणि ८.८ ग्रेडचेच असावेत, आणि तो आकडा बोल्टच्या डोक्यावर उठवलेला असतो तो स्वतः वाचून घ्यावा. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत हवे ते मिळते. पण मला एका दुकानातून ‘एकदम हाय टेन्साइल’ म्हणून जे बोल्ट मिळाले त्यांच्या डोक्यावर ४.६ लिहिले होते, आणि ते घरी आल्यावर चष्मा लावून पाहिल्यावर कळले. ८.८ चा १२ मिलिमीटरचा एक बोल्ट सुमारे पाच टनांचा ताण स्वतः कायमचा न लांबता झेलतो, ४.६ चा त्याच्या निम्माही नाही.

आता जागा ठरवणे, आणि या कामातला निम्म्याहून अधिक वेळ इथेच द्यावा. कॅम्पर रिकामा करून हौद्यात नेमका जिथे बसणार तिथे बसवावा, त्याची पुढची भिंत आणि हौद्याची पुढची भिंत यांच्यात फट राहत असेल तर तिथे लाकडी ठोकळा घालावा. जोरात ब्रेक मारला तर गाडीचा वेग साधारण ०.७ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.७ पट, इतक्या जोराने कमी होतो, म्हणजे ३०० किलोचा कॅम्पर २०० किलोहून अधिक जोराने पुढे सरकू पाहतो. हा जोर साखळ्यांनी नव्हे तर चटईच्या घर्षणाने आणि या ठोकळ्याने घ्यायचा आहे. मग कॅम्परच्या चारही कोपऱ्यांवरील कड्यांना गवंड्याचा ओळंबा बांधून खाली सोडावा आणि जमिनीवर खडूने चार फुल्या माराव्यात. पुढच्या दांडीचे टोक त्या फुलीच्या वीतभर पुढे आणि मागच्या दांडीचे टोक वीतभर मागे यायला हवे. म्हणजे पुढच्या साखळ्या कॅम्परला खाली आणि पुढे ओढतात, मागच्या खाली आणि मागे ओढतात, आणि तो दोन्ही बाजूंनी ताणून धरला जातो. चारही साखळ्या सरळ उभ्या राहिल्या तर कॅम्पर उडणार नाही हे खरे, पण झोका घेतल्यासारखा पुढे-मागे मात्र सरकेल.

फुल्या मारून झाल्या की कॅम्पर उतरवावा, गाडी सपाट फरशीवर लावून चाकांना ठोकळ्यांची उटी द्यावी, आणि गाडी जॅकवर नव्हे तर स्टँडवर घेऊन खाली शिरावे. स्टेपनी हौद्याखाली टांगलेली असते, ती काढली की मागचा भाग मोकळा दिसतो. ब्रेकची नळी, मागच्या दिव्यांची वायर, डिझेलची टाकी आणि सायलेन्सर कुठून कुठे जातात ते खडूने चेसिसवरच दाखवून ठेवावे, कारण नंतर पट्टी आवळताना लक्ष बोल्टवर असते आणि नळी नेमकी तिच्याखाली सापडते.

चेसिसमध्ये नवीन भोक पाडणे शक्यतो टाळावे. चेसिसच्या वरच्या आणि खालच्या कडेवर तर भोक मुळीच पाडू नये, कारण वाकण्याचा सगळा ताण तिथेच येतो. वेल्डिंगही करू नये; त्या उष्णतेने टाक्याभोवतीच्या लोखंडाची ताकद बदलते आणि भेग पडते ती नेमकी टाक्याच्या शेजारून. मधल्या उभ्या भागात कारखान्यातून आलेली भोके असतात, त्यांचा उपयोग करावा, किंवा चेसिसच्या वर-खाली १० मिलिमीटरची एकेक पट्टी ठेवून चार बोल्टांनी ती सँडविचसारखी आवळावी. बंद पेटीच्या आकाराच्या चेसिसमधून आरपार बोल्ट घालायचा असेल, तर आत नळीचा तुकडा बसवल्याशिवाय तो आवळू नये, नाहीतर बोल्ट घट्ट होतो आहे असे वाटत असताना चेसिसच्या दोन भिंती जवळ येत असतात.

पुढच्या जोडीसाठी चेसिसच्या खालून एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत एकच लांब नळी टाकण्याचा मोह होतो, कारण ती भक्कम दिसते आणि मापेही सोपी असतात. इथे एक तपासणी चुकवू नये. गाडी चेसिसखाली स्टँड देऊन इतकी उचलावी की मागची धुरी पाट्यांवर पूर्ण लोंबकळेल, आणि मग प्रॉपेलर शाफ्ट (इंजिनाची ताकद मागच्या धुरीला पोहोचवणारा फिरता दांडा) व नळी यांच्यात किती अंतर उरते ते बोटाने नव्हे, पट्टीने मोजावे. गाडी चाकांवर उभी असताना चार बोटे दिसणारे अंतर धुरी लोंबकळल्यावर माझ्या गाडीत एका बोटावर आले होते. मोठ्या खड्ड्यात मागची चाके क्षणभर अधांतरी होतात तेव्हा तो शाफ्ट नळीवर घासला असता. त्यामुळे मी लांब नळी कापून दोन्ही बाजूंना हातभर लांबीचे दोन स्वतंत्र तुकडे केले, प्रत्येकाला दोन सँडविच पट्ट्या दिल्या, आणि वजनही चार-पाच किलोंनी वाचले. मागच्या जोडीसाठी एवढा विचार लागत नाही. चेसिसच्या शेवटी टो-हुक किंवा बंपरचे ब्रॅकेट ज्या बोल्टांवर बसते, तिथेच १० मिलिमीटरची प्लेट देऊन नळी बसवावी. बंपरच्या पत्र्याला मात्र काही अडकवू नये.

प्लेट कापून घेण्याआधी पुठ्ठ्याचा नमुना करून तो प्रत्यक्ष लावून पाहावा. मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा यासाठी उत्तम. कापलेल्या आणि वेल्ड केलेल्या प्लेटा झिंक किंवा पावडर कोटिंग करून घ्याव्यात. कोकणात जाणार असाल तर हॉट-डिप गॅल्व्हनायझिंगचे, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून दिलेल्या मुलाम्याचे, जादा पैसे वसूल होतात. बसवताना चारही ब्रॅकेट आधी हाताने फिरतील एवढेच ढिले लावावेत, दांड्या घालून त्यांची टोके दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर आहेत का ते पाहावे, आणि मगच टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोर लागतो ते दाखवणाऱ्या पान्याने, आवळावेत. १२ मिलिमीटरच्या ८.८ ग्रेड बोल्टला कोरड्या आट्यांवर सुमारे ८० न्यूटन-मीटर लागतात. आट्यांना ग्रीस लावले असेल तर तो आकडा साधारण पाव हिश्श्याने कमी धरावा, कारण निसरड्या आट्यांवर तोच पाना बोल्टला जास्त ताणतो. बोल्टच्या डोक्याखाली आणि नटखाली, दोन्हीकडे वायसर घालावा, नट नायलॉक, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला आणि सहज ढिला न होणारा, घ्यावा, आणि आवळून झाल्यावर नट व प्लेट यांच्यावरून पिवळ्या रंगाची एक सरळ रेघ ओढावी. ही रेघ पुढे फार उपयोगी पडते.

आता चटई अंथरून कॅम्पर पुन्हा चढवावा, दांड्या घालून पिना आणि आर-क्लिपा लावाव्यात, आणि आधी पुढचे दोन, मग मागचे दोन टर्नबकल अडकवावेत. टर्नबकलचा हुक पत्र्याला ओरखडा पडणार नाही अशा बाजूने कडीत अडकवावा. समोरासमोरचे दोन्ही टर्नबकल आळीपाळीने थोडे थोडे फिरवावेत, एकच बाजू पूर्ण आवळली की कॅम्पर तिरका बसतो. ढिलाई संपली की अजून एक ते दीड फेरा द्यावा आणि लॉकनट लावावा. स्प्रिंग पूर्ण दबली तर ती नसल्यासारखीच आहे. जास्त आवळणाऱ्या उत्साही मित्राला या वेळी चहा आणायला पाठवावे. कॅम्परच्या वरच्या कडेला धरून जोरात हलवून पाहिले तर कॅम्पर आणि गाडी दोन्ही मिळून पाट्यांवर डोलली पाहिजेत. कॅम्पर एकटाच डोलत असेल, तर पुन्हा सुरुवातीपासून पाहावे.

पहिली फेरी सिंहगड रस्त्यावर किंवा पाषाण-सूस भागात, गतिरोधक भरपूर असतील अशी, १५-२० किलोमीटरचीच करावी आणि परतून चारही टर्नबकल हाताने तपासावेत. चटई दबल्यामुळे ते पहिल्यांदा हमखास ढिले झालेले असतात, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. नटांवरच्या पिवळ्या रेघा मात्र तुटलेल्या दिसता कामा नयेत. एखादी रेघ सरकली असेल तर ब्रॅकेटखाली रंगाचा जाड थर किंवा चिखल अडकला होता असे समजून ते काढून, खरवडून, पुन्हा लावावे. पुढे लांबच्या प्रवासात १०० किलोमीटरवर आणि प्रत्येक घाट उतरल्यावर एकदा टर्नबकलला हात लावून पाहणे पुरते.

परत आल्यावर कॅम्पर उतरवला की दांड्या काढून, खाऱ्या हवेतून आल्या असतील तर गोड्या पाण्याने धुऊन, कोरड्या करून ठेवाव्यात आणि नळ्यांच्या तोंडाला रबरी बुचे लावावीत, नाहीतर पहिल्याच पावसात आत चिखल बसतो आणि पुढच्या वेळी दांडी हातोड्याने ठोकावी लागते. दांड्या तशाच ठेवल्या तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्या नेमक्या नडगीच्या उंचीवर येतात. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांना हे दोनदा कळले आहे, आणि तेव्हापासून माझ्या दांड्या त्यांच्याच सूचनेवरून बाल्कनीत झाडांच्या कुंड्यांमागे असतात.